कॅथरीन बर ब्लॉजेट

कॅथरीन बर ब्लॉजेट (१० जानेवारी १८९८ – १२ ऑक्टोबर १९७९) या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होत्या. पाण्यावर पसरलेला केवळ एका रेणूच्या जाडीचा थर काचेवर किंवा धातूवर उतरवून घेण्याची आणि असे थर मोजून एकावर एक रचण्याची पद्धत त्यांनी सिद्ध केली. ही पद्धत आज लँगम्यूर-ब्लॉजेट पद्धत म्हणून ओळखली जाते. परावर्तन न करणारी काच त्यांनी १९३८ मध्ये तयार केली, आणि वृत्तपत्रांतून त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले ते या काचेमुळे. मात्र अतिशय पातळ थरांची जाडी अचूक मोजण्यासाठी त्यांनी निर्माण केलेली साधने आणि पद्धती यांचे शास्त्रीय मोल त्या काचेपेक्षा अधिक टिकाऊ ठरले. केंब्रिज विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

बालपण व शिक्षण

ब्लॉजेट यांचा जन्म अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या शहरात झाला. त्यांचे वडील जॉर्ज ब्लॉजेट हे जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या पेटंट विभागाचे प्रमुख होते. कॅथरीन यांच्या जन्माच्या काही आठवडे आधी, डिसेंबर १८९७ मध्ये, घरात शिरलेल्या चोराने झाडलेल्या गोळीने त्यांचा मृत्यू झाला. कुटुंबाची आर्थिक स्थिती चांगली असल्यामुळे मुलांच्या शिक्षणात खंड पडला नाही. मुलांना दुसरी भाषा यावी या हेतूने १९०१ मध्ये आईने कॅथरीन व त्यांच्या थोरल्या भावाला फ्रान्सला नेले. पुढे काही काळ जर्मनीतही प्रवास करून हे कुटुंब १९१२ मध्ये न्यूयॉर्कला परतले. तेथील रेसन स्कूल या खासगी शाळेत मुलींनाही मुलांच्या बरोबरीने गणित व विज्ञान शिकवले जात असे.

वयाच्या पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे गणितज्ञ शार्लट अँगस स्कॉट आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बार्न्स यांच्या अध्यापनाचा त्यांच्यावर विशेष प्रभाव पडला. शेवटच्या वर्षीच्या नाताळच्या सुटीत त्या स्केनेक्टडीला गेल्या असता वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना कंपनीची संशोधन प्रयोगशाळा दाखवली. तेथेच रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांच्याशी त्यांची भेट झाली. लँगम्यूर यांनी त्यांची योग्यता ओळखली, परंतु नोकरीपूर्वी पुढील शिक्षण घेण्याचा सल्ला दिला.

१९१७ मध्ये पदवी घेतल्यावर ब्लॉजेट शिकागो विद्यापीठात गेल्या. पहिले महायुद्ध चालू होते आणि रणांगणावर विषारी वायूंचा वापर होत होता. सैनिकांच्या वायुरोधक मुखवट्यांत वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या पृष्ठभागावर वायूंचे रेणू कसे चिकटून राहतात, म्हणजेच त्यांचे अधिशोषण कसे होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पुढील आयुष्यभर पृष्ठभाग हेच त्यांचे क्षेत्र राहिले, त्याची सुरुवात या कोळशापासून झाली असे म्हणता येईल. १९१८ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळताच जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन प्रयोगशाळेने त्यांची नेमणूक केली. शास्त्रज्ञ म्हणून तेथे नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला होत. युद्धामुळे पुरुष शास्त्रज्ञांची चणचण होती, त्याचाही या नेमणुकीला हातभार लागला.

लँगम्यूर यांच्यासोबतची पहिली वर्षे

प्रयोगशाळेत ब्लॉजेट यांचे पद लँगम्यूर यांच्या सहायकाचे होते. त्या काळात कंपनीचा मुख्य व्यवसाय विजेचे दिवे व निर्वात नलिका यांचा असल्याने आरंभीचे कामही त्याच विषयांवर झाले. तापलेल्या तारेतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन नलिकेतील पोकळीत साचतात आणि मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना अडवतात. त्यामुळे नलिकेतून वाहू शकणाऱ्या विद्युत प्रवाहाला मर्यादा पडते. समाक्ष दंडगोल आणि एककेंद्री गोल अशा दोन रचनांसाठी या मर्यादेचे गणित लँगम्यूर व ब्लॉजेट यांनी १९२३ आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन शोधनिबंधांत मांडले. त्यासाठी लागणारी आकडेमोड किचकट होती. त्या निबंधांतील कोष्टके इलेक्ट्रॉन नलिकांच्या रचनाकारांना दीर्घकाळ उपयोगी पडली.

१९२४ मध्ये लँगम्यूर यांच्या शिफारशीने ब्लॉजेट यांना केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत प्रवेश मिळाला. अर्नेस्ट रदरफर्ड तेव्हा या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. पाऱ्याच्या आयनीभूत वाफेतून जाणारा इलेक्ट्रॉन दोन टकरींच्या दरम्यान सरासरी किती अंतर कापतो, हे मोजण्याची पद्धत हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९२६ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या स्केनेक्टडीला परतल्या आणि निवृत्तीपर्यंत त्याच प्रयोगशाळेत राहिल्या.

पाण्यावरील थरांची पार्श्वभूमी

पाण्यावर पसरणाऱ्या तेलाचा अभ्यास ब्लॉजेट यांच्या आधीपासून चालू होता. जर्मनीतील अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांनी कोणत्याही विद्यापीठात न शिकता, घरातील साध्या साधनांनी, पाण्याचे पृष्ठ सरकत्या पट्टीने कमीजास्त करून त्यावरील थर दाबण्याची युक्ती शोधली होती. लॉर्ड रॅले यांच्या प्रयत्नाने त्यांचे हे काम १८९१ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये याच युक्तीचा विकास करून असे दाखवले की स्टिअरिक आम्लासारख्या मेदाम्लांचे रेणू पाण्यावर अस्ताव्यस्त पडत नाहीत. त्यांचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर उरलेली लांब शृंखला पाण्यापासून दूर, वरच्या दिशेने उभी राहते. दाटीवाटीने उभ्या असलेल्या पिकाप्रमाणे हे रेणू एकमेकांना खेटून राहतात आणि थराची जाडी एका रेणूच्या लांबीएवढीच असते. अशा कामासाठी लँगम्यूर यांना १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

असा एक थर काचेवर उतरवता येतो, हेही लँगम्यूर यांनी १९२० च्या सुमारास नोंदवले होते. परंतु त्यावर दुसरा, तिसरा, शंभरावा थर चढवण्याची पद्धत कोणाजवळ नव्हती. एका रेणूच्या जाडीचा थर डोळ्यांना दिसत नाही आणि त्यामुळे तेव्हा त्याचा व्यवहारात काही उपयोगही दिसत नव्हता.

थर रचण्याची पद्धत

डिसेंबर १९३३ पासून ब्लॉजेट यांनी या प्रश्नावर काम सुरू केले. त्यांचे पहिले टिपण १९३४ मध्ये आणि सविस्तर निबंध १९३५ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. दुसरा निबंध एकट्या त्यांच्या नावावर आहे. श्रेयाचा विचार करताना ही बाब लक्षात घ्यावी लागते, कारण पद्धतीच्या नावात लँगम्यूर यांचे नाव आधी येत असले तरी घन पृष्ठावर थरांमागून थर रचण्याचे मूळ काम ब्लॉजेट यांचे आहे.

त्यांचे उपकरण दिसायला साधे होते. पाण्याने काठोकाठ भरलेल्या उथळ पात्रात स्टिअरिक आम्लाचा थर पसरला जाई. पाण्यात बेरियम किंवा कॅल्शियमचे क्षार अल्प प्रमाणात मिसळलेले असत. त्यामुळे आम्लाचे रूपांतर बेरियम स्टिअरेटसारख्या न विरघळणाऱ्या क्षारात होऊन थर भक्कम बने. पाण्याच्या पृष्ठावर मेण लावलेला रेशमी धागा आडवा तरंगत असे. धाग्याच्या एका बाजूला हा थर आणि दुसऱ्या बाजूला एरंडेल किंवा ओलेइक आम्लासारख्या तेलाचा थेंब सोडला जाई. हे तेल पसरू पाहताना धाग्याला ढकलते आणि थरावर कायम सारखा दाब ठेवते. इंजिनातील दट्ट्याप्रमाणे काम करणाऱ्या या तेलांना ब्लॉजेट यांनी दट्ट्या-तेले असेच संबोधले.

आता स्वच्छ काचपट्टी पाण्यातून उभी वर काढली की रेणूंची पाण्याची ओढ असलेली टोके काचेला चिकटतात आणि शृंखला बाहेरच्या बाजूस राहतात. काच पाण्यातून निघते ती कोरडी, कारण आता तिचा पृष्ठभाग मेणासारखा झालेला असतो. तीच पट्टी पुन्हा खाली बुडवताना शृंखलेला शृंखला भिडून दुसरा थर बसतो आणि वर येताना तिसरा. प्रत्येक फेरीला दोन थर चढतात, आणि रेशमी धागा त्या प्रमाणात पुढे सरकतो. धागा किती सरकला यावरून पाण्यावरचा थर खरोखर काचेवर गेला की नाही, याचा पडताळा तेथल्या तेथे मिळतो. पाण्याची आम्लता, त्यातील क्षारांचे प्रमाण आणि तापमान यांपैकी एक जरी बिघडले तरी थर चढत नाही किंवा चढलेला परत निघून जातो. अमुक परिस्थितीत केवळ खाली जाताना थर चढतो, हेही त्यांनी पाहिले आणि रचनेनुसार थरांचे एक्स व वाय असे प्रकार पाडले. ही नावे आजही वापरात आहेत.

जाडीचे मोजमाप

या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की जाडी मोजण्यासाठी थर मोजले की पुरते. परंतु त्यासाठी एका थराची जाडी अगोदर कळायला हवी. ब्लॉजेट यांनी त्यासाठी प्रकाशाच्या व्यतिकरणाचा उपयोग केला. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर जे रंग दिसतात, त्यांचे कारण हेच आहे. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशतरंग एकमेकांत मिसळतात, आणि जाडीनुसार काही रंग उजळतात तर काही मावळतात. काचपट्टीवर टप्प्याटप्प्याने अधिकाधिक थर चढवून, एकाच तरंगलांबीच्या प्रकाशात कोणत्या टप्प्यावर परावर्तन कमीत कमी होते हे पाहिल्यास, तेथवरच्या थरांच्या संख्येवरून एका थराची जाडी काढता येते. लँगम्यूर यांच्यासमवेत १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बेरियम स्टिअरेटच्या एका थराची जाडी २४.४ अँगस्ट्रॉम, म्हणजे २.४४ नॅनोमीटर, अशी दिली आहे. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस हजार थर सहज मावतील.

या निष्कर्षावरून पुढील साधन जवळजवळ आपोआप सुचले. एका पट्टीवर निरनिराळ्या, परंतु नेमक्या ठाऊक असलेल्या जाडीच्या पायऱ्या तयार केल्या तर प्रत्येक पायरी वेगळ्या रंगाची दिसते. ज्या थराची जाडी हवी आहे त्याचा रंग या पायऱ्यांशी जुळवून पाहिला की जाडी कळते, जशी लिटमसच्या रंगावरून आम्लता कळते तशी. रंगांची ही मोजपट्टी वापरायला महागडी उपकरणे लागत नसत, आणि तिची अचूकता इंचाच्या दशलक्षांश भागाच्या आसपास होती. जनरल इलेक्ट्रिकने ही मोजपट्टी विक्रीसाठीही आणली. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील अलेक्झांडर रोथेन यांनी १९४५ मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने पातळ थर मोजणाऱ्या आपल्या उपकरणाचे वर्णन करताना त्याला एलिप्सोमीटर हे नाव दिले. त्याची कसोटीही धातूवर चढवलेल्या बेरियम स्टिअरेटच्या थरांवरच घेण्यात आली. अर्धवाहकांच्या कारखान्यांत सिलिकॉनवरील ऑक्साइडची जाडी तपासणारे एलिप्सोमीटर आज सर्रास वापरले जातात.

परावर्तनरहित काच

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. खिडकीच्या काचेत ही घट जाणवत नाही. परंतु चार सुट्या भिंगांच्या कॅमेऱ्यात हवा आणि काच यांच्या सीमा आठ वेळा येतात आणि एक चतुर्थांशाहून अधिक प्रकाश वाया जातो. त्यातील काही प्रकाश आतल्या आत फिरून चित्र धूसर करतो, ते वेगळेच. काचेवर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश जाडीचा थर दिल्यास त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणारे तरंग एकमेकांना मारतात, हे तत्त्व जुने होते. हवेने काळवंडलेली भिंगे नव्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश जाऊ देतात, असे इंग्लंडमधील भिंगरचनाकार डेनिस टेलर यांच्या १८९० च्या दशकातच लक्षात आले होते.

अडचण दुहेरी होती. थराची जाडी अचूक हवी, आणि शिवाय त्याचा अपवर्तनांक काचेच्या अपवर्तनांकाच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे १.२३, हवा. पहिली अट ब्लॉजेट यांच्या पद्धतीने सहज पूर्ण होत होती. त्यांच्या गणिताप्रमाणे दृश्य प्रकाशासाठी साधारण ४४ थर पुरेसे होते. परंतु बेरियम स्टिअरेटचा अपवर्तनांक १.५ च्या जवळपास असतो, आणि इतका कमी अपवर्तनांक असलेला घन पदार्थ सहजी मिळत नाही. यावर त्यांनी काढलेला मार्ग त्यांच्या सगळ्या कामातील सर्वांत कल्पक म्हणावा लागेल. त्यांनी क्षार आणि मुक्त स्टिअरिक आम्ल यांचे मिश्रण असलेले थर चढवले आणि ती काच बेंझिनमध्ये बुडवली. बेंझिनमध्ये आम्ल विरघळून गेले आणि क्षाराचा सांगाडा जागच्या जागी उभा राहिला. थराची जाडी तीच राहिली, पण आत हवेची सूक्ष्म छिद्रे निर्माण झाल्याने अपवर्तनांक खाली आला. पाण्याची आम्लता बदलून आम्ल आणि क्षार यांचे प्रमाण, आणि त्यायोगे अपवर्तनांक, हवा तसा ठरवता येत असे.

डिसेंबर १९३८ मध्ये कंपनीने या काचेची घोषणा केली. पडलेल्या प्रकाशापैकी ९९ टक्क्यांहून अधिक प्रकाश तिच्यातून पार होत असे. वृत्तपत्रांनी तिला अदृश्य काच ठरवले आणि ब्लॉजेट यांचे छायाचित्र घरोघरी पोहोचले. मात्र ही काच बाजारात टिकणारी नव्हती. मेदाम्लाचा सांगाडा इतका मऊ होता की बोटाने पुसला तरी निघून येई.

याच सुमारास इतरांनी वेगळी वाट चोखाळली होती. जर्मनीत झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्मकुला यांनी निर्वातात क्षारांची वाफ करून ती भिंगांवर बसवण्याच्या पद्धतीचे पेटंट १९३५ मध्ये मिळवले होते, परंतु लष्करी कारणांसाठी ते गुप्त राहिले. अमेरिकेत जॉन स्ट्राँग यांनी १९३६ मध्ये कॅल्शियम फ्लोराइडचे असेच थर तयार केले होते. ब्लॉजेट यांच्या घोषणेनंतर काही दिवसांतच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हॉली कार्टराइट व आर्थर टर्नर यांनीही निर्वात पद्धतीच्या परावर्तनरहित काचेची माहिती जाहीर केली. पुढे भिंगांच्या उद्योगाने निर्वात पद्धतच स्वीकारली आणि मॅग्नेशियम फ्लोराइडचा कठीण थर सर्वत्र रूढ झाला. आजच्या चष्म्यांवर व कॅमेऱ्यांवर असलेला लेप ब्लॉजेट यांच्या रासायनिक पद्धतीचा वारस नाही. चतुर्थांश तरंगलांबीचा थर परावर्तन जवळजवळ शून्यावर आणू शकतो, हे त्यांनी थर मोजून आणि अपवर्तनांक हवा तसा घडवून सिद्ध केले, एवढे श्रेय त्यांना निःशंकपणे देता येते.

युद्धकाळ व नंतरचे संशोधन

दुसऱ्या महायुद्धात प्रयोगशाळेचे बहुतेक काम लष्करासाठी होते. विमानांच्या पंखांवर साचणारा बर्फ आणि तेलाच्या सूक्ष्म थेंबांपासून तयार होणारे धुराचे पडदे या विषयांवर ब्लॉजेट यांनी काम केले. धुराच्या पडद्यांच्या कामात लँगम्यूर व व्हिन्सेंट शेफर यांचा वाटा मोठा होता. १९४७ मध्ये अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरसाठी हवामानाच्या फुग्यांतून वरच्या वातावरणातील आर्द्रता मोजणाऱ्या साधनावर त्या काम करत होत्या.

त्यांचे शेवटचे महत्त्वाचे काम काचेविषयीच होते, पण या वेळी प्रश्न प्रकाशाऐवजी विजेचा होता. शिसेयुक्त काच हायड्रोजनमध्ये तापवली असता तिच्या पृष्ठभागाजवळील लेड ऑक्साइडचे क्षपण होते आणि एरवी विजेला अडवणाऱ्या काचेवर किंचित विद्युतवाहक असा पातळ काळसर थर तयार होतो. या थराच्या वाहकतेचा पद्धतशीर अभ्यास त्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी या निबंधाचा फारसा गाजावाजा झाला नाही. मात्र अंधारात पाहण्याच्या दुर्बिणींत आणि अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणींत वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉन-गुणक काचपट्ट्या याच प्रक्रियेने, हायड्रोजनमध्ये क्षपण केलेल्या शिसेयुक्त काचेपासून, तयार होत आल्या आहेत.

सन्मान व व्यक्तिगत आयुष्य

एल्मायरा महाविद्यालय, ब्राउन विद्यापीठ व रसेल सेज महाविद्यालय यांसह अनेक संस्थांनी ब्लॉजेट यांना मानद डॉक्टरेट दिली. १९५१ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने महिला रसायनशास्त्रज्ञांसाठी असलेले गार्व्हन पदक त्यांना दिले. मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या व्यक्तीला ते मिळाले, ही गोष्ट त्यांचे काम दोन शास्त्रांच्या सीमेवरचे असल्याची साक्ष देते. त्याच वर्षी १३ जून हा दिवस स्केनेक्टडी शहराने त्यांच्या नावाने साजरा केला. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिकाने १९७२ मध्ये त्यांना प्रगती पदक दिले. मृत्यूनंतर, २००७ मध्ये, त्यांचे नाव अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट करण्यात आले.

ब्लॉजेट अविवाहित होत्या. स्केनेक्टडीतील हौशी नाट्यसंस्थेत त्या भूमिका करत. बागकाम, जुन्या वस्तूंचा संग्रह आणि विनोदी कविता हे त्यांचे छंद होते, तर उन्हाळा त्या लेक जॉर्जच्या काठी घालवत. १९६३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. १२ ऑक्टोबर १९७९ रोजी राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

पद्धतीचा पुढील प्रवास

ब्लॉजेट यांच्या पद्धतीकडे युद्धानंतर बराच काळ फारसे कोणी वळले नाही. १९६० च्या दशकात जर्मनीतील हान्स कून यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. रंगद्रव्याच्या दोन थरांमध्ये मेदाम्लाचे ठरावीक संख्येचे थर ठेवून त्यांच्यातील अंतर नेमके ठरवता येते, आणि प्रकाशाने उद्दीपित झालेल्या रेणूकडून शेजारच्या रेणूकडे ऊर्जा किती अंतरापर्यंत जाते हे मोजता येते, असे त्यांनी दाखवले. १९७१ मध्ये मान व कून यांनी दोन धातूंमध्ये असा एकच थर ठेवून त्यातून जाणारा विद्युत प्रवाह मोजला. शृंखलेची लांबी वाढत जाते तसा प्रवाह घातांकी नियमाने घटतो, असे त्यांना आढळले. रेणूंचा विद्युत परिपथातील घटक म्हणून विचार करणाऱ्या संशोधनात हा प्रयोग आरंभीचा मानला जातो. लँगम्यूर-ब्लॉजेट थरांवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद इंग्लंडमधील डरहॅम येथे १९८२ मध्ये भरली. पेशींच्या पटलांच्या प्रतिकृती, संवेदके आणि नॅनोकणांचे एकपदरी थर यांच्या अभ्यासात ही पद्धत आजही वापरली जाते. रेशमी धाग्याची जागा आता मोटारीने सरकणाऱ्या पट्ट्यांनी घेतली आहे, पण काच बुडवून वर काढण्याची क्रिया तीच आहे.